साऱ्या गावाची छावी

शकू निवडून आली तर आपल्या पदरात काय काय पडणार, हे महिपतीनं तिला उभं राहायला सांगण्याच्या आधीच मोजून ठेवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी गेलेली सरपंचाची खुर्ची घरात परत येणार. पंचायतीचा गोल शिक्का फडताळात, जनीच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी राहणार. ग्रामसेवक पुन्हा 'अण्णा, येऊ का?' असं विचारून ओसरीवर चढणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या गणपतीच्या कारखान्यापासून डांबरी सडकेपर्यंतचा तीनशे पावलांचा चिखल. दर श्रावणात मूर्ती भरलेले टेम्पो त्या चिखलातून हिंदकळत जायचे आणि कुठल्या गणपतीचं बोट, कुठल्याचा उंदीर, कुठल्याचा मोदक तिथंच राहायचा. सून सरपंच झाली की पहिली खडी तिथंच पडणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बदल्यात द्यायचं काय? काही नाही. सून दिवसाचे दोन तास घराबाहेर. तेवढ्या भाकऱ्या जनी थापेल.

गाव जोह्याच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसं अजून पेणच्या बाजारात भेटतात. साल सत्त्याण्णव. त्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि गावातल्या पुरुषांना एका रात्रीत आठवलं, की आपल्याला बायका आहेत. महिपतीची बायको जनी अंगठा लावणारी. सून शकू मात्र रोह्याची, दहावी पास, बोलायला खणखणीत. तिचा नवरा सुशील रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा, तेव्हा त्याची अडचण नव्हती. समोर होती मिठागरवाडीची सीताबाई. तिला उभं केलं होतं तिच्या दिरानं, हिरामणनं. वॉर्ड एकच, अर्धा कारखानेवाल्यांचा, अर्धा मिठागरवाल्यांचा. जी बाई इथून जिंकेल तीच सरपंच, हे सगळे धरून चालले होते.

हिरामणनं पहिली पाटी लावली : 'आपली माय, सीताबाय.'

महिपती ती पाटी वाचून दोन दिवस जेवला नाही म्हटलं तरी चालेल. यमक जुळलं होतं ना! शब्दांची त्याला भारी हौस. लहानपणी जत्रेत ऐकलेले पोवाडे त्याला अर्धेअधिक पाठ होते आणि सरपंच असताना पंधरा ऑगस्टला तो त्यातल्याच ओळी भाषण म्हणून म्हणायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुता धुता त्याला सुचलं. शकूचा बाप गोविंदा रोह्याचा नावाजलेला पैलवान. तालमीत त्याला वाघ म्हणायचे. वाघाच्या लेकाला काय म्हणतात? छावा. मग वाघाच्या लेकीला?

"छावी!" महिपती तांब्या हातात घेऊन ओरडला. चुलीपाशी जनी दचकली.

शकू तेव्हा घरात नव्हती. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून लेकीला, भाविकाला, घेऊन चार दिवस रोह्याला गेली होती. विचारायचा प्रश्नच नव्हता. तसाही तो नव्हताच.

महिपती तडक कारखान्यात गेला. तिथं प्रविण गणपतीचे डोळे आखत बसला होता. पस्तिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. अख्ख्या पंचक्रोशीत त्याच्यासारखी डोळ्यांची रेघ कुणी ओढत नसे. महिपतीनं त्याच्यापुढं मांजरपाटाची तीन लांब कापडं टाकली.

"लिही. रोह्याच्या वाघाची लेक. खाली मोठ्या अक्षरात, साऱ्या गावाची छावी. खाली, सौभाग्यवती शकुंतला."

प्रविणचा हात हवेतच थांबला. "अण्णा... छावी?"

"छावा ठाव हाय ना? त्याचं बाईमानूस."

"त्ये खरं हाय. पन अण्णा, 'साऱ्या गावाची लेक' लिहू का? बरं दिसंल."

"लेक काय, शेळीलापन असते."

"मग 'वाघीण' लिहू?"

"वाघीण खाते. मतदार घाबरंल."

"नाय, पन छावी म्हंजे आता..." प्रविण बोलता बोलता गप्प झाला. ब्रशवरचा काळा थेंब त्याच्याच मांडीवर पडला.

"आता काय?"

"काय नाय."

"मग रंगव."

प्रविणनं रंगवलं. अक्षर असं सुरेख काढलं, की सात फर्लांगावरून वाचता यावं.

एक कापड जित्याच्या स्टेशनाकडच्या रस्त्यावर लागलं, एक एस्टीच्या थांब्यावर, एक मारुतीच्या देवळापुढं. चौथं नव्हतंच, कारण चौथं महिपती स्वतः होता. रिक्षाला भोंगा बांधून तो पुढच्या सीटवर बसायचा आणि माईक तोंडाला लावायचा.

"साऱ्या गावाची छावी कोण?"

आणि काय चमत्कार! ज्या पोरांनी आजवर त्याच्या सभेत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, ती पोरं रिक्षामागून धावायला लागली. कट्ट्यावरची उठली, क्रिकेटवाली बॅट टाकून आली, पेणहून कॉलेजातली मोटरसायकलवर बसून आली. सगळ्यांत पुढे सीताबाईचाच पोरगा, निकेश. विरोधी उमेदवाराचा पोटचा पोर आपल्या मागं! महिपती छाती फुगवून दुप्पट मोठ्यानं विचारायचा आणि शंभर गळे एकदम ओरडायचे, "शकुंतला!"

"काय अण्णा, तुमची छावी जोरात हाय," पानवाला म्हणाला.

"माझीच कशाला? साऱ्या गावाची," महिपती म्हणाला आणि पानवाला विडा लावायचा सोडून पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. महिपतीला वाटलं, गडी हेलावला.

चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीनं शकू आणि भाविका जित्याला उतरल्या. भाविका नऊ वर्षांची, वाचण्याच्या वयातली. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची. स्टेशनाबाहेर आली आणि टाचा उंचावून तिनं वाचलं,

"साऱ्या... गावाची... छावी! आई, तुझं नाव! आई, बघ ना, तुझं नाव लिवलंय!"

रिक्षावाले हसले. एकानं शीळ घातली. शकूनं वर बघितलं. तिला आधी खरंच वाटेना. रोह्याच्या बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी, हा शब्द तिच्या पाठीमागं दोनदा पडला होता. दोन्ही वेळा तिनं पदर आवळून पावलं उचलली होती. तोच शब्द आता हातभर अक्षरात, तिच्या नावासकट, रस्ता अडवून लटकत होता. तिला वाटलं, हिरामणनं केलं. मग कोपऱ्यातली बारीक ओळ दिसली : आपला नम्र, महिपती.

घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात. सासऱ्याशी समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. सून बोलणार जनीशी, जनी बोलणार नवऱ्याशी, आणि मधे एक कुडाची भिंत. भिंतीपलीकडे महिपती झोपाळ्यावर बसून कौतुकाची वाट बघत होता.

"आई, मामंजींना विचारा, हे काय लिहिलंय."

"कायतरी वाघाचं हाय म्हनं, गो."

"वाघाचं नाय. आई, पोरं कुनाला छावी म्हंतात ठाव हाय? ज्या पोरीवर टपून असतात तिला. 'ती माझी छावी.' म्हंजे माझी ठरवलेली, फिरवायची. पलीकडं जाऊन काय अर्थ काढतात त्ये मी तुमच्यासमोर बोलनार नाय."

जनीनं हातातली पळी खाली ठेवली. "आनि साऱ्या गावाची म्हंजे..."

"तेच."

झोपाळा थांबला. कुडाची भिंत पातळ असते.

महिपतीला आधी ऐकलेलं समजेना. मग समजलं. आणि मग भोंगा ऐकू यायला लागला. बाहेर कुठं नव्हे, कानाच्या आत. स्वतःचाच आवाज, चार दिवसांचा, गल्लोगल्लीचा. साऱ्या गावाची कोण? साऱ्या गावाची कोण? आपण, सासऱ्यानं, माईकवरून! त्यानं झोपाळ्याची कडी धरली. पानवाला हेलावला नव्हता तर.

जनी बाहेर आली. "ऐकलंत?"

"मला काय ठाव? छाव्याची बाई छावीच की! शब्द चांगला होता. कुनी नासवला?"

"चांगला?" जनी उंबऱ्यावर बसली. "तुमची आई मला सतरा वरसं 'रांडे' म्हनून हाक मारायची. रांडे, पानी आन. रांडे, भात उतरव. नवरा जित्ता, समोर जेवाय बसलेला. तुम्हीच. घास तरी अडला का कधी?"

"ती मायेनं म्हनायची."

"मायेनंच. आमच्या वेळला समद्याच बायांना तसंच. मग तुमचे सोबती, त्या हिरामणचा थोरला भाऊ, बाजारात बाई बघितली की 'फटाकडी' म्हनायचे. मग सुशीलच्या वेळंला पाखरू आलं, सामान आलं, माल आला. गनपतीला माल, बाईलापन माल. आता छावी. शब्द नवा येतो, मानूस तोच कट्ट्यावर. तुम्हाला आज धक्का बसला, कारन आज तुमच्या तोंडून गेला."

इतकं लांब जनी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली असावी. महिपतीनं चपला घातल्या आणि तो कारखान्यात गेला.

"तुला ठाव होतं?"

प्रविण उठून उभा राहिला. "व्हय, अण्णा."

"मग सांगितलं का नाय, भडव्या?"

"कशा तोंडानं सांगू? सुनेचं, आनि सासऱ्याला? असला अर्थ मी तुमच्यापुढं बोललो असतो, तं तुम्ही मला जिता सोडला असता?"

महिपतीनं मनात गाव चाळून काढलं. मास्तर, पानवाला, एस्टीचा कंडक्टर, कंपनीत जाणारी सगळी पोरं. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच सांगितलं नव्हतं. निम्म्यांनी मजेसाठी, निम्म्यांनी वडीलधाऱ्याची लाज राखण्यासाठी. निकाल दोन्हीचा एकच.

सुशील पहिल्या पाळीहून आला तो लाल होऊन. "कँटीनला मला विचारतात, छावीचा नवरा कंचा रं? फॉर्म मागं घ्या."

"तारीख गेली," महिपती म्हणाला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"मग ही घरातून बाहेर पडनार नाय. चार दिवस. मग विसरतील."

आता शकू दारात आली. पदर डोक्यावर होता, पण बोलली ती सरळ सगळ्यांशी. "मी घरात बसले तर शब्द बाहेर राहील. आनि तो त्यांचा राहील. जन्मभर पानी भरायला जाताना पाठीत येईल. मामंजी, उद्या शेवटची सभा हाय ना? ती होऊ द्या. आनि कापडं काढू नका."

"काढू नको?" महिपती पुन्हा हबकला. तो कोयता घेऊनच बसला होता.

"नाय. राहू द्या."

सभा मारुतीच्या देवळापुढं, दिवस मावळायच्या आधी. एवढी गर्दी गावानं गणपतीतसुद्धा पाहिली नव्हती. पोरं पारावर, भिंतीवर, पेणच्या मोटरसायकली रांगेनं. मिठागरवाडीच्या बायकाही आल्या होत्या, गंमत काय चाललीय ते बघायला. सीताबाई त्यांच्यात पुढंच बसली होती, कारण गावच्या सभेला उमेदवारानं जाऊ नये असा काही नियम नव्हता आणि असता तरी तिला कुणी सांगितला नसता. महिपती देवळाच्या पायरीवर, मान खाली घालून.

शकू उभी राहिली. वर कापड, खाली ती.

"छावी!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

"कोन बोललं?" शकू म्हणाली. "निकेश का? ये पुढं. चार दिवस रिक्षामागं धावलास, दमला असशील. ये, बस."

निकेशला पोरांनीच ढकलत पुढं आणलं. तो दात काढत आला.

"या कापडावर काय लिहिलंय?"

"छावी."

"बरोबर. आता गावाला सांग, छावी म्हंजे काय. मला नको सांगूस. मोठ्या मानसांना सांग. ही तुझी आई बसलीय, तिला सांग."

निकेशचे दात मिटले. तो कापडाकडे बघू लागला, मग चपलेकडे.

सीताबाईला खरंच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मिठागरात उन्हातान्हात गेलेली बाई, तिच्या कानापर्यंत कट्ट्यावरचे शब्द पोचत नव्हते. "सांग की रं," ती म्हणाली. "चार दिस घरात पन छावी छावी करतोस. काय हाय त्ये?"

"काय नाय, आये."

"काय नाय कसा? सांग, बाई इचारतेय. तोंडात मीठ भरलंय का?"

मिठागरवाडी हसली. पारावरचं कुणी हसलं नाही.

"त्याला येत नसंल तर दुसरं कुनी सांगा," शकू म्हणाली आणि एकेकाचं नाव घ्यायला लागली. "तू? तुझे वडील तिथं उभे हायत, त्यांना सांग. तू? तुझी बहीन बघ समोर. कंपनीवाले? मास्तर, तुम्ही तर शिकवता." नाव घेतलं की डोकं खाली जात होतं, जसं शेतातून वारं गेल्यावर भात आडवा व्हावा. ज्या लाजेनं हा शब्द महिपतीपासून चार दिवस लपवला, तीच लाज आता शंभर तोंडांत बोळा कोंबून बसली होती.

"कुनालाच येत नाय," शकू म्हणाली. "मग मी सांगते. लिहिणाऱ्यानं काय मनात धरून लिहिलं, त्ये मला ठाव हाय. वाघाची लेक. माझा बाप वाघ होता, रोह्यात विचारा. दुसरा कुठला अर्थ असंल तर आत्ता, आईबापासमोर बोला. नसंल बोलता येत, तर आजपासून तो अर्थ मेला."

कुणी बोललं नाही. देवळातला पुजारी उगाचच घंटा वाजवून गेला.

महिपतीनं मान वर केली. त्याला वाटलं होतं, सून आज आपली अब्रू चव्हाट्यावर मांडणार. तिनं त्याचाच अर्थ उचलून त्याच्या खांद्यावर शालीसारखा घातला होता. हा धक्का त्याला आधीच्यापेक्षा जड गेला.

त्या संध्याकाळी घरी जाऊन सीताबाईनं लाटणं हातात घेतलं आणि निकेशकडून अर्थ काढलाच. दुसऱ्या दिवशी ती मिठागरवाडीत घरोघर गेली. मत मागायला गेली असं सगळ्यांना वाटलं. हिरामणला नंतर कळलं, तिनं प्रत्येक चुलीशी एवढंच सांगितलं होतं, "मत कुनाला द्यायचा त्यालाच द्या. पन आपल्या पोरांनी काय केलाय त्ये आधी ऐका."

शकू त्रेचाळीस मतांनी आली. सरपंच झाली.

आता महिपतीच्या पदरात काय पडलं ते बघू. शिक्का फडताळात आला नाही, शकूनं तो पर्समध्ये ठेवला. ग्रामसेवक ओसरीवर चढला, पण 'अण्णा' न म्हणता 'मॅडम आहेत का?' म्हणाला. पहिला ठराव झाला तो मिठागरवाडीच्या नळाचा. तीनशे पावलांच्या चिखलाबद्दल महिपतीनं एकदा खाकरून विचारलं, तेव्हा शकू त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, "बघू मामंजी, पुढच्या वर्षी." पुढच्या श्रावणातही अकरा उंदीर तिथंच राहिले.

तरीही तो तक्रार करत नव्हता. आपण स्वस्तात सुटलो, असं त्याला वाटत होतं. शब्द मेला होता ना! शकूच्या पाठीमागं तो कुणी पुन्हा उच्चारला नाही. समोर तर नाहीच.

तीन वर्षं गेली. भाविका पेणला शाळेत जायला लागली, रोज एस्टीनं. श्रावणातल्याच एका दुपारी ती चिखल तुडवत कारखान्यात आली. दप्तर पाठीवरच होतं. महिपती माल मोजत होता, प्रविण रंगवत होता.

"आजोबा, छावी म्हंजे काय?"

प्रविणचा ब्रश थांबला. महिपतीनं पुढ्यातल्या मूर्तीकडे पाहिलं. तिचे डोळे अजून आखायचे होते.

"वाघाची लेक, बाय," तो म्हणाला.

"मी पन तेच सांगितलं. एस्टीत मोठी मुलं म्हनाली, ही छावीची पोरगी, बारकी छावी. मी म्हटलं, व्हय, आमच्या गावानं माझ्या आईला नाव दिलंय, मी स्वतः वाचलंय. तर सगळी हसली." ती थांबली. "वाघाची लेक असेल तर हसली कशाला?"

महिपतीला अर्थ ठाऊक होता. चार दिवसांनी का होईना, पण ठाऊक झाला होता. त्यानं तोंड उघडलं. नातीला कसं सांगायचं? मिटलं. त्याच्या तोंडात आता सगळं गाव बसलं होतं.

"आजोबा?"

"उद्यापासून मी येतो एस्टीत तुझ्यासंगं," तो म्हणाला.

भाविकानं शाळेच्या गणवेशावरची ओढणी, जी सकाळी नुसती गळ्यात टाकून ती गेली होती, ती दोन्ही खांद्यांवर नीट ओढून घेतली, पिना लावल्या आणि घराकडे निघाली. मधल्या चिखलात ती कुठं मोठ्यानं काही वाचत नव्हती.

तर एकूण असं झालं. शब्द महिपतीचा, अर्थ पोरांचा, मौन गावाचं, खुर्ची शकूची, नळ मिठागरवाडीचा. प्रत्येकाला काही ना काही मिळालं, महिपतीलासुद्धा एस्टीचा पास. भरपाई त्या एकटीनं केली, जिनं ते कापड सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत आनंदानं वाचलं होतं.